‘इस्क्रा’, १९०० ते १९०३ : वितरणाच्या जाळ्यातून पक्ष उभा करणारे वर्तमानपत्र (प्रकरण अभ्यास)

प्रश्न काय होता

मार्च १८९८मध्ये मिन्स्क शहरात नऊ प्रतिनिधी जमले आणि त्यांनी रशियन सोशल डेमोक्रॅटिक कामगार पक्षाची स्थापना केली. जाहीरनामा निघाला, तीन जणांची मध्यवर्ती समिती निवडली गेली आणि कीव्हच्या ‘राबोचाया गझेता’ला पक्षाचे मुखपत्र ठरवण्यात आले. त्यानंतर लगेच धरपकड सुरू झाली. बहुतेक प्रतिनिधी तुरुंगात गेले, मुखपत्राचा छापखाना पोलिसांच्या हाती पडला आणि ‘राबोचाया गझेता’चा तिसरा अंक निघालाच नाही. पक्ष कागदावर उरला. शहराशहरांत मात्र कामगारांची मंडळे चालू होती, संप होत होते आणि लपूनछपून पत्रके निघत होती.

अशा वेळी वर्तमानपत्र काढायचे म्हणजे काय, हे मराठी वाचकाने ‘केसरी’च्या अनुभवावरून ताडू नये. राजद्रोहाचा खटला झाला, संपादक तुरुंगात गेला, तरी ‘केसरी’ पुण्यात उघडपणे छापला जात होता, टपालाने जात होता आणि त्याची वर्गणी घेता येत होती. झारच्या रशियात समाजवादी पत्राला यातले काहीच शक्य नव्हते. स्थानिक मंडळाने गुप्त पत्र काढायचे ठरवले, तर खिळे मिळवणे, खोली शोधणे, कागद साठवणे, मजकूर गोळा करणे, जुळवणी, छपाई आणि वाटप ही सगळी कामे एकाच शहरातल्या त्याच दहा-पंधरा माणसांवर पडत. त्यातला एक जण फुटला किंवा एका खोलीवर धाड पडली, की सगळीच साखळी हाती लागे. म्हणून स्थानिक पत्रे दोन-चार अंकांतच संपत. शिवाय त्यांचा मजकूर आपल्या गिरणीपुरता असे. ओदेसाच्या कामगाराला पीटर्सबर्गमध्ये काय चालले आहे ते त्यातून कळत नसे.

या प्रकरणातला खरा निर्णय इथे आहे. लेनिन, मार्तोव्ह आणि पोत्रेसोव्ह या तरुण रशियन मार्क्सवाद्यांनी ठरवले की आधी पक्ष बांधून मग त्याचे पत्र काढायचे नाही. आधी ‘इस्क्रा’ (म्हणजे ‘ठिणगी’) हे पत्र काढायचे आणि ते पोचवणाऱ्या, त्याला बातम्या पुरवणाऱ्या माणसांतून पक्ष बांधायचा. पुढच्या तीन वर्षांत जे साधले ते या क्रमामुळे, आणि जे बिघडले तेही याच क्रमामुळे.

पैसा, जागा आणि सहा संपादक

लेनिनची सायबेरियातली हद्दपारी १९००च्या सुरुवातीला संपली. त्या वसंतात प्स्कोव्ह शहरात बैठक झाली. तिथे योजना मांडली गेली आणि मदतीची वचने मिळाली. सुरुवातीच्या पैशांत पुस्तकविक्रीच्या व्यवसायातल्या अलेक्सांद्रा काल्मिकोवा यांचा वाटा मोठा होता. संपादकांच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख ‘मावशी’ असा येतो. वर्गणीवर चालणारे हे पत्र नव्हतेच. सहानुभूती असलेल्या सुखवस्तू लोकांच्या देणग्या आणि शहरांतून जमवून पाठवलेले पैसे यांवर ते चालले, आणि पैशाची ओढाताण कधीच संपली नाही.

छपाई परदेशात होणार हे उघड होते, पण परदेशात आधीपासून बसलेले ज्येष्ठही होते. प्लेखानोव्ह, अक्सेलरोड आणि व्हेरा झासुलिच यांचा ‘श्रममुक्ती’ गट १८८३पासून जिनिव्हात होता. रशियन मार्क्सवादात त्यांच्याइतके वजन कोणाचेच नव्हते. ऑगस्ट १९००मध्ये जिनिव्हाजवळ कोर्सिए इथे बोलणी झाली आणि ती मोडता मोडता राहिली. तोडगा निघाला तो असा : संपादक सहा, मते सात. प्लेखानोव्हला दोन मते. हे पत्र नीट चालावे म्हणून केलेले नव्हते, माणसे एकत्र राहावीत म्हणून केलेले होते. तीन वर्षांनी फूट पडली ती नेमकी या सांध्यावर.

संपादकीय कचेरी जिनिव्हात न ठेवता म्युनिकमध्ये ठेवली गेली. निर्वासित रशियनांच्या वस्तीत हेर फार आणि भांडणे त्याहून जास्त, हे एक कारण. दुसरे असे की प्लेखानोव्हपासून थोडे अंतर राहिले, तर रोजचे काम आपल्या हाती राहील, हे तरुणांना कळत होते.

उद्देश १९००च्या शरद ऋतूत वेगळ्या पत्रकात जाहीर केला गेला. त्यातले गाजलेले वाक्य असे : एकत्र येण्यापूर्वी, आणि एकत्र येता यावे म्हणूनच, आधी आपसांतल्या सीमारेषा ठाम आणि स्पष्ट आखल्या पाहिजेत. म्हणजे ‘इस्क्रा’ सर्व गटांचे सामाईक व्यासपीठ होणार नव्हते. कामगारांनी पगार आणि कामाचे तास यांपुरतेच लढावे, राजकारण इतरांवर सोडावे, असे म्हणणाऱ्या ‘अर्थवादी’ प्रवाहाशी त्याला झगडायचे होते. झारशाही उलथणे ही कामगार चळवळीची पहिली जबाबदारी आहे, हे त्याला ठसवायचे होते. तात्त्विक लांब लेखांसाठी ‘झार्या’ हे वेगळे नियतकालिक ठेवले गेले आणि ते स्टुटगार्टच्या डीट्झ या समाजवादी प्रकाशकाकडून निघाले. वर्तमानपत्र त्यामुळे हलके राहिले. ही विभागणी शहाणपणाची होती.

छपाई

पहिला अंक २४ डिसेंबर १९००चा, जुन्या रशियन दिनदर्शिकेप्रमाणे ११ डिसेंबरचा. तो लाइपझिगलगतच्या प्रोब्स्टहाइडा गावात हेर्मान राऊ या समाजवादी छापखानेवाल्याकडे छापला गेला. शीर्षकाजवळ ब्रीदवाक्य होते, ‘ठिणगीतून ज्वाला भडकेल’. झारविरुद्ध १८२५मध्ये उठलेल्या आणि सायबेरियात पाठवलेल्या बंडखोरांपैकी एका कवीची ही ओळ. पुढे छपाई म्युनिकला आली.

जर्मनीत अडचण यंत्राची नव्हती, खिळ्यांची आणि जुळवणाऱ्या हातांची होती. रशियन लिपीचे खिळे जर्मन छापखान्यात सहसा नसत आणि रशियन येणारा जुळारी तर नसेच. हे काम बराच काळ ब्लुमेनफेल्ड या एका माणसावर अवलंबून होते. तो वाहतुकीच्या कामासाठी सरहद्दीवर गेला आणि पकडला गेला. अनुभवी कंपोझिटरला सरहद्दीवर पाठवणे ही सरळ सरळ चूक होती, पण माणसेच इतकी थोडी होती की प्रत्येकाला दोन-तीन कामे करावी लागत.

कागद सिगारेटच्या कागदासारखा पातळ वापरला जाई. अक्षर बारीक, ओळी दाट. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होई. पण जाड कागदाचा गठ्ठा पेटीच्या तळात मावत नाही आणि वजनावरून ओळखू येतो. छपाईचे सगळे निर्णय असे वाहतुकीने ठरत होते. प्रती सरासरी आठ हजारांच्या आसपास निघत.

एप्रिल १९०२मध्ये म्युनिकच्या छापखानेवाल्याने धोका पत्करायचे नाकारले आणि कचेरी लंडनला हलली. तिथे क्लार्कनवेल ग्रीनवरच्या ट्वेंटिएथ सेंच्युरी प्रेसमध्ये अंक २२ ते ३८ छापले गेले. ब्रिटिश समाजवाद्यांचे ‘जस्टिस’ हे पत्र याच छापखान्यात निघे. त्याचा संपादक हॅरी क्वेल्च याने आपल्या बसण्याच्या जागेतला एक कोपरा आडभिंत घालून लेनिनला दिला. ज्या ब्रिटिश समाजवादी नेत्या हिंडमनची दादाभाई नौरोजींशी मैत्री होती आणि ज्याने १९०५मध्ये लंडनच्या इंडिया हाउसचे उद्घाटन केले, त्याच्याच संघटनेचा हा छापखाना. १९०३च्या वसंतात कचेरी जिनिव्हाला गेली.

टपाल : पत्राचा खरा कणा

एप्रिल १९०१पासून संपादक मंडळाची चिटणीस नादेझ्दा क्रुप्स्काया होती. अग्रलेख कोणी लिहिला याची चर्चा फार होते. पण ‘इस्क्रा’ उभे राहिले ते तिच्या टेबलावर, असे आमचे ठाम मत आहे.

रशियातून पत्र थेट म्युनिकला येत नसे. जर्मनीतल्या निरनिराळ्या शहरांत राहणारे जर्मन समाजवादी, डॉक्टर, दुकानदार यांच्या पत्त्यांवर ती येत. तिथून सगळी म्युनिकमधल्या एका डॉक्टरकडे आणि मग क्रुप्स्कायाकडे. पत्राचा वरचा मजकूर साधा, घरगुती. ओळींच्या मधे अदृश्य शाईने खरा मजकूर. कागद दिव्यावर किंवा इस्त्रीने तापवला की अक्षरे उमटत. त्यातली नावे आणि पत्ते पुन्हा सांकेतिक आकड्यांत असत आणि त्याची किल्ली दोघांनी आधी ठरवलेल्या कवितेत किंवा पुस्तकाच्या पानात. उघड मजकुरातही सांकेतिक शब्द होते. पारपत्राला ‘हातरुमाल’ म्हणत, बेकायदा साहित्याला ‘उबदार फर’. शहरांना माणसांची नावे दिलेली होती. ओदेसा म्हणजे ‘ओसिप’, पोल्टावा म्हणजे ‘पेत्या’.

बिघाड ठरलेले होते. समोरच्याने दुसरी आवृत्ती वापरली की किल्ली लागत नसे. कधी शाई अर्धीच उमटे. पत्ता देणारा पकडला गेला तरी महिनाभर पत्रे त्याच पत्त्यावर जात राहत. सर्वांत वाईट म्हणजे रशियातली माणसे नियमित लिहीत नसत. ‘बातमी का नाही, अंक मिळाला का, किती मिळाले, कोणाला दिले’ अशी टोचणी क्रुप्स्काया आणि लेनिन यांच्या पत्रांत पुन:पुन्हा सापडते.

या टोचणीतून घडले ते महत्त्वाचे आहे. शहरातल्या माणसाला दर काही आठवड्यांनी उत्तर द्यायचे म्हणजे गिरण्यांत चौकशी करावी लागे, संपाची माहिती पडताळावी लागे, पैसे जमवावे लागत, नवा सुरक्षित पत्ता शोधावा लागे. मे १९०१मध्ये, चौथ्या अंकात, लेनिनने ‘सुरुवात कुठून करावी?’ या लेखात हा विचार मांडला : वर्तमानपत्र केवळ सामूहिक प्रचारक आणि चेतवणारे नसते, ते सामूहिक संघटकही असते. इमारत बांधताना उभारलेल्या परांचीच्या आधाराने गवंडी एकमेकांशी संपर्क ठेवतात, कामाची वाटणी करतात, तसे हे जाळे, असे त्याचे म्हणणे. १९०२च्या ‘काय करावे?’ या पुस्तकात तोच विचार विस्ताराने आला.

सरहद्द

सुरुवातीला दुहेरी तळाच्या पेट्या वापरल्या. वाहतुकीचे काम पाहणारा ओसिप प्यात्निट्स्की सांगतो की त्या पेट्या बर्लिनच्या एका लहान कारखान्यात एकाच नमुन्याच्या बनत, त्यामुळे जकातवाल्यांनी त्या लवकरच ओळखल्या. मग साध्या पेटीच्या तळाशी शंभर-दीडशे अंक पसरून वर जाड पुठ्ठ्याचा दुसरा तळ चिकटवायला सुरुवात झाली. पेटी नेहमीची, वजन जवळजवळ तेवढेच. पुढे अंगात घालायची बंडी आली. तिच्यात दोनशे-तीनशे अंक शिवता येत. बायकांसाठी घागऱ्याला तशीच सोय. ताजा अंक लवकर पोचवायला या युक्त्या चांगल्या होत्या, पण मोठा साठा त्यांनी जात नसे.

मोठ्या साठ्यासाठी मार्ग हवे होते. प्रशियातल्या टिल्झिट शहराकडून लिथुआनियात शिरणारी वाट आधीपासून मळलेली होती. झारने १८६४पासून लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन पुस्तकांवर बंदी घातली होती आणि तिथले शेतकरी प्रार्थनापुस्तके चोरून आणत. त्याच गाठोड्यांबरोबर ‘इस्क्रा’ गेला. मार्सेयहून बाटुमला जाणाऱ्या जहाजांवरून मेणकापडात बांधलेले गठ्ठे किनाऱ्याजवळ पाण्यात टाकले जात आणि बोटीतली माणसे ते उचलत. स्टॉकहोम, अलेक्झांड्रिया, इराणातले तब्रीझ असे इतर मार्ग होते.

एवढे करून पोचत किती? पाठवलेल्या साहित्याचा फार तर दहावा भाग मुक्कामी पोचला असेल, असे क्रुप्स्कायाने आठवणींत म्हटले आहे. पेट्या गोदामात अडकत. नेणारा भिऊन त्या सोडून देई. एका टप्प्यावरचा माणूस पकडला गेला की पुढच्याला कळत नसे की माल कुठे आहे. आठ हजारांच्या हिशेबाने पाहिले तर एवढ्या मोठ्या देशाला काही शे प्रती. सातव्या अंकात छापलेल्या एका विणकराच्या पत्रातून त्यांचे मोल दिसते. अंक इतक्या जणांनी वाचला की फाटून गेला, असे तो लिहितो, आणि रविवारी माणसे जमवून ‘सुरुवात कुठून करावी?’ मोठ्याने वाचल्याचे सांगतो.

हाच प्यात्निट्स्की पुढे कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या (देशोदेशींच्या कम्युनिस्ट पक्षांच्या, मॉस्कोत केंद्र असलेल्या संघटनेच्या) गुप्त दळणवळणाचा आणि पैशाचा प्रमुख झाला. १९२२पासून मानवेंद्रनाथ रॉय यांचे वर्तमानपत्र बर्लिनहून टपालाने हिंदुस्थानात येत होते आणि मुंबईत श्रीपाद अमृत डांगे आपले साप्ताहिक ‘सोशॅलिस्ट’ काढत होते, तेव्हा परदेशात छापून आत पाठवायच्या या पद्धतीची चांगली माहिती मॉस्कोत होती.

रशियातले छापखाने

पोचण्यातली ही गळती थांबवायचा एक उपाय म्हणजे अंक रशियातच पुन्हा छापणे. किशिनेव्हमध्ये लिऑन गोल्डमानने १९०१मध्ये असा छापखाना चालवला. मार्च १९०२मध्ये तो पकडला गेला. बाकूमध्ये लादो केत्सखोवेलीने उभारलेल्या छापखान्याचे टोपणनाव ‘नीना’. तिथे वीजकेंद्रात इंजिनिअर असलेला लिओनिद क्रासिन पैशाची आणि सामानाची व्यवस्था करी.

बाकूची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. परदेशात जुळवलेल्या पानावर ओला कागदी लगदा दाबून त्याचा साचा घेत. वाळलेला साचा हलका असे आणि पुस्तकाच्या बांधणीत लपवता येई. व्हिएन्ना आणि तब्रीझमार्गे तो बाकूला पोचला की त्यात शिसे ओतून पूर्ण पान तयार होई. हजारो प्रतींऐवजी फक्त साचे सरहद्द ओलांडत. जुळारी नको, मुद्रिते तपासायला नकोत. मात्र ओतकाम करायला जागा, धातू आणि जाणता माणूस लागे आणि ते फार थोड्या शहरांत शक्य होते. केत्सखोवेली १९०३मध्ये तिफ्लिसच्या तुरुंगात पहारेकऱ्याच्या गोळीने मरण पावला.

मजकूर आणि समित्या

अंकात पहिले पान अग्रलेखाचे. आत ‘आपल्या सार्वजनिक जीवनातून’, ‘कामगार चळवळीचा वृत्तान्त आणि कारखान्यांतली पत्रे’, ‘पक्षातून’, ‘परदेशी घडामोडी’ अशी सदरे. शेवटी ‘टपालपेटी’, तिच्यात कोणाचे पत्र पोचले त्याची पोच. कारखान्यांतल्या पत्रांबरोबरच विद्यार्थ्यांची सैन्यात सक्तीने भरती, शेतकऱ्यांचे उठाव, धर्मपंथांचा छळ हेही येई. कामगाराने फक्त आपल्या मालकाकडे पाहू नये, साऱ्या सत्तेकडे पाहावे, हा आग्रह सदरांच्या मांडणीतच होता.

रशियात फिरणाऱ्या प्रतिनिधींना ‘एजंट’ म्हणत. बाबुश्किन, बाउमान, लिटविनोव्ह, झेम्ल्याच्का ही त्यांतली नावे. जानेवारी १९०२मध्ये सामारात क्रझिझानोव्स्कीच्या घरी त्यांचे केंद्र तयार झाले. शहरातल्या समितीला साहित्य पुरवायचे, तिच्यात शिरकाव करायचा आणि ‘इस्क्रा’ हे आमचे मार्गदर्शक पत्र आहे, असे तिच्याकडून लेखी जाहीर करून घ्यायचे, अशी त्यांची रीत. ते निवेदन मग ‘इस्क्रा’त छापले जाई आणि पुढच्या शहराला दाखवता येई.

यात फसगतही झाली. फेब्रुवारी १९०२मध्ये कीव्ह आणि इतरत्र धरपकड होऊन बरेच एजंट कीव्हच्या लुक्यानोव्हका तुरुंगात एकत्र आले. ऑगस्टमध्ये अकरा कैदी शिडी आणि दोर वापरून भिंतीवरून निसटले, त्यातले दहा ‘इस्क्रा’चे होते. पीटर्सबर्ग समितीने १९०२च्या उन्हाळ्यात ‘इस्क्रा’ मान्य केला. काही आठवड्यांतच समितीतल्या जुन्या ‘अर्थवादी’ गटाने तो ठराव फिरवला आणि समिती दुभंगली. वरून आलेल्या एजंटाला सही मिळवता येते, पण खालची मंडळे त्या सहीने बदलत नाहीत, हे तिथे दिसले. एजंटांना कोणी निवडलेले नव्हते. ते संपादक मंडळाने नेमलेले आणि त्यालाच जबाबदार होते. पोलिसी राज्यात निवडणूक अशक्य होती हे खरे, पण या सवयीचे ओझे पक्षाने पुढे फार काळ वाहिले.

अधिवेशन आणि फूट

संपादकांनी तयार केलेला पक्षकार्यक्रमाचा मसुदा जून १९०२मध्ये २१व्या अंकात आला. नोव्हेंबरमध्ये प्स्कोव्हला संयोजन समिती बनली. दुसरे अधिवेशन जुलै-ऑगस्ट १९०३मध्ये ब्रुसेल्समध्ये सुरू झाले आणि पोलिसांच्या त्रासामुळे लंडनला हलवावे लागले. ४३ प्रतिनिधी, ५१ मते. त्यातली ३३ ‘इस्क्रा’वाद्यांची. तीन वर्षांपूर्वी नावापुरता उरलेला पक्ष आता कार्यक्रम मंजूर करत होता आणि ‘इस्क्रा’ त्याचे अधिकृत मुखपत्र झाले. योजना सफल झाली होती.

सदस्य कोणाला म्हणावे, या पहिल्या नियमावर लेनिनच्या मसुद्याविरुद्ध मार्तोव्हचा मसुदा २८ विरुद्ध २२ मतांनी जिंकला. नंतर ज्यू कामगारांच्या बुंदचे पाच आणि ‘राबोचेये देलो’ या ‘अर्थवादी’ पत्राच्या गटाचे दोन प्रतिनिधी बाहेर पडले. उरलेल्यांत लेनिनच्या बाजूला २४ आणि मार्तोव्हच्या बाजूला २० मते राहिली. अशा वेळी संपादक सहा की तीन, हा प्रश्न आला.

लेनिनचा हिशेब रोखठोक होता. ४५ अंकांत मार्तोव्हचे ३९ लेख, त्याचे स्वतःचे ३२, प्लेखानोव्हचे २४, पोत्रेसोव्हचे ८, झासुलिचचे ६ आणि अक्सेलरोडचे ४. तीन वर्षांत सहाही जण एकदाही एकत्र बसले नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने तरुण ट्रॉट्स्कीला सातवा संपादक करावे असे सुचवले होते, पण प्लेखानोव्हने ते होऊ दिले नाही. आता तिघेच ठेवावेत, प्लेखानोव्ह, मार्तोव्ह आणि तो स्वतः, असा त्याचा प्रस्ताव होता. कामाच्या दृष्टीने तो बरोबर होता. पण झासुलिच आणि अक्सेलरोड यांनी आयुष्य चळवळीत घातले होते, आणि त्यांना लेखांच्या संख्येवर मोजणे अनेकांना असह्य झाले. दुसरे कारण अधिक खोल होते. सगळे पत्ते, एजंट, पैसा आणि समित्यांचे दुवे संपादक मंडळाशी जोडलेले होते. त्यामुळे तीन संपादक निवडणे म्हणजे पक्षाचे नेतृत्व कोणाकडे हे ठरवणे होते, आणि दोन्ही बाजूंना ते पुरते ठाऊक होते.

मतदानात प्लेखानोव्हला २३, मार्तोव्हला २२ आणि लेनिनला २० मते पडली. मार्तोव्हने काम करायला नकार दिला. ४६ ते ५१ हे अंक लेनिन आणि प्लेखानोव्ह यांनी काढले. भांडण विकोपाला जाताना पाहून प्लेखानोव्हने जुन्या संपादकांना परत घ्यायचे ठरवले आणि १ नोव्हेंबर १९०३ रोजी लेनिनने राजीनामा दिला. ५२व्या अंकापासून ‘इस्क्रा’ मार्तोव्हच्या बाजूच्या, म्हणजे मेन्शेविकांच्या वाटेने गेला. त्याचा शेवटचा, ११२वा अंक ऑक्टोबर १९०५मध्ये निघाला.

लेनिनच्या बाजूच्या, म्हणजे बोल्शेविकांचे ‘व्पेर्योद’ हे नवे पत्र जानेवारी १९०५मध्ये जिनिव्हात सुरू झाले. त्याची चिटणीस पुन्हा क्रुप्स्कायाच होती आणि रशियातल्या ज्या समित्या तिला आधीपासून लिहीत होत्या, त्यांतल्या अनेकांनी या पत्रालाही मजकूर पाठवला.